माणसाच्या मणक्याला घसारा लावू नका

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

महोदय,



मी सातारा जिल्ह्यात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या उशाशी आहे, खंबाटकीचा घाट जवळ आहे, आणि साखर कारखाने सुरू झाले की जिल्ह्यातले सगळे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात. त्यामुळे मोडलेली हाडे जुळवणे हे माझे रोजचे काम. त्यातली बरीच हाडे जुळून पेशंट घरी गेल्यावर, दोन-तीन वर्षांनी मला जिल्हा न्यायालयाचे समन्स येते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे साक्षीला उभे राहावे लागते. तिथे विमा कंपन्यांच्या बाजूने जे मांडले जाते, त्यातल्या एकाच वाक्याबद्दल हे पत्र आहे.

वाक्य असे असते: अर्जदारास असलेला त्रास हा कथित अपघातामुळे झालेला नसून तो त्याच्या पूर्वीच्या आजाराचा व वयोमानाचा परिणाम आहे. अठ्ठावीस वर्षांच्या पोराच्या दाव्यातही हेच, साठीतल्या म्हातारीच्या दाव्यातही हेच. अर्जदाराला कोणता आजार होता, कधीपासून होता, त्यावर कुठे उपचार झाले होते, याचा कैफियतीत पत्ता नसतो. छापील नमुन्यातला परिच्छेद उचलून इथे चिकटवलेला असतो. तरीही तो काम करतो. दावा रेंगाळतो, लोकअदालतीत तडजोडीचा आकडा खाली येतो, आणि आपल्याला साखर होती म्हणून आपलेच काहीतरी चुकले, अशा समजुतीने अर्जदार सही करून मोकळा होतो.

ही समजूत कुठून येते ते मला ठाऊक आहे. मेडिक्लेमची पॉलिसी घेताना पूर्वीचा आजार लपवला तर दावा नाकारला जातो, हे आता खेड्यापाड्यातही पोहोचले आहे. तो नियम त्या करारात योग्यच आहे, आणि आपण 2024 मध्ये तो सौम्यही केलात. पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षे हप्ता भरलेल्या माणसाला, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. या सुधारणांबद्दल आपले आभारच मानले पाहिजेत.

पण रस्त्याच्या कडेने चाललेल्या माणसाला मागून जीप ठोकते तेव्हा त्याने कोणाशी कसला करार केलेला असतो? त्याने प्रस्ताव अर्ज भरलेला नाही, आजारांच्या रकान्यात खूण केलेली नाही, हप्ता भरलेला नाही. करार आहे जीपमालकाचा आणि कंपनीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये कंपनीला जबाबदारी टाळण्याची जी कारणे दिली आहेत, ती सगळी वाहन, चालक, परवाना आणि पॉलिसी यांच्याशी संबंधित आहेत. जखमी माणसाचा मधुमेह त्या यादीत नाही. त्याच्या तब्येतीचा प्रश्न येतो तो फक्त भरपाई किती, या हिशेबात. आणि तो हिशेब कलम 168 प्रमाणे 'न्याय्य' असायला हवा.

न्याय्य म्हणजे काय, यावर इंग्रजी कायद्यात एक जुना विचार आहे. लंडनच्या पूर्व भागातल्या एका दारूच्या गुत्त्यात एकदा घोडागाडी घुसली. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या गरोदर बाईला गाडीचा स्पर्शही झाला नाही, पण धसक्याने ती आजारी पडली आणि तिचे बाळ अवेळी जन्मले. त्या खटल्यात 1901 मध्ये न्यायमूर्ती केनेडी यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: ज्याला तुम्ही निष्काळजीपणाने तुडवले त्याची कवटी पातळ होती किंवा हृदय कमजोर होते, हे तुमच्या बचावाचे उत्तर होऊ शकत नाही. माणूस जसा होता तसाच तो तुमच्या गाडीखाली आला. पुढे मोटारींच्या जमान्यात हाच विचार टिकला. 1987 साली इंग्लंडमध्ये मध्यम वेगातल्या दोन गाड्यांची टक्कर झाली. एका गाडीतल्या शिक्षकाला खरचटलेसुद्धा नाही, पण त्याला पूर्वी असलेला आणि त्या काळात दबलेला दीर्घ थकव्याचा आजार उलटला आणि कायमचा झाला. 'पेज विरुद्ध स्मिथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात 1995 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला.

मला त्याहून जवळचा वाटतो तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा 'अथी विरुद्ध लिओनाती' हा निकाल, कारण त्यातला पेशंट माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज येतो. पाठदुखीचा जुना इतिहास असलेला माणूस. 1991 मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने दोन मोटार अपघात. उपचारांनी सुधारणा झाली, डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितले, आणि व्यायामशाळेत ताण देताना मणक्यातली चकती सरकली. खालच्या न्यायालयाने अपघातांचा वाटा 25 टक्के धरला आणि तेवढीच भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दिली. तर्क साधा होता. जुनी पाठ आणि अपघात दोन्ही मिळून चकती सरकली असेल, आणि अपघात हे त्यातले खरेखुरे, दखल घेण्याजोगे कारण असेल, तर पाठ जुनी होती म्हणून भरपाईचे तुकडे पाडायचे नाहीत. मात्र अपघात झाला नसता तरी जी अवस्था येणारच होती, तिची भरपाई मागता येत नाही, हेही त्याच निकालात बजावले आहे. ही दुसरी बाजू मला पूर्ण मान्य आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

परदेशी निकाल आपल्या न्यायाधिकरणांवर बंधनकारक नाहीत, हे कोणी सांगायला नको. पण आपल्याकडचे पाहा. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 299 खाली एक स्पष्टीकरण होते: आजाराने किंवा शारीरिक दौर्बल्याने ग्रासलेल्या माणसाला इजा करून कोणी त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू त्यानेच घडवला असे मानायचे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 100 खाली ते तसेच आले आहे. ते सदोष मनुष्यवधापुरते आहे, निष्काळजी वाहन चालवण्याला ते थेट लागू होत नाही, हे मला वकील मित्रांनी समजावले आहे. पण विचार करा. जिथे माणसाला तुरुंगात जावे लागते तिथेही 'मेलेला आधीच आजारी होता' हे आपला कायदा ऐकून घेत नाही. मग जिथे फक्त पैशांचा प्रश्न आहे, आणि तोही ज्याचा हप्ता आधीच घेतलेला आहे अशा पैशांचा, तिथे ते का ऐकायचे?

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे मणक्याकडे.

अपघातानंतर कंबर धरलेल्या माणसाचा एमआरआय केला की अहवालात ठरलेले शब्द येतात: डिजेनरेटिव्ह चेंजेस, डिस्क बल्ज, ऑस्टिओफाइट. झीज, चकतीचा फुगवटा, हाडाची वाढलेली टोके. कंपनीचे वकील या शब्दांखाली लाल रेघ ओढून येतात. ही झीज निरोगी माणसांतही किती असते, यावर 2015 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी' या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाठदुखीचा कोणताही त्रास नसलेल्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष त्यात एकत्र केले आहेत. चकतीची झीज विशीतल्या लोकांत 37 टक्के आणि ऐंशीच्या घरात 96 टक्के. चकतीचा फुगवटा विशीत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. लक्षात घ्या, यांतल्या कोणालाच काही दुखत नव्हते. म्हणजे एमआरआयमधली झीज हा बहुतेक वेळा आजार नसतोच. केस पिकावेत तसा तो वयाचा ठसा असतो. अपघातापूर्वी हा माणूस पाठीमुळे काम टाकून बसला होता का, या प्रश्नाचे उत्तर त्या फिल्ममध्ये शोधून सापडत नाही.

पण उलटतपासात मला विचारतात ते असे: "डॉक्टर, अशी झीज वयोमानानेही होऊ शकते, हे म्हणणे खरे आहे काय?" खरे आहे. "मधुमेह असलेल्या माणसाचे हाड जुळायला वेळ लागतो, हे खरे आहे काय?" तेही खरे आहे. संपले. दोन 'खरे आहे' नोंदवले जातात आणि त्यांच्या आधारे युक्तिवाद होतो. झीज होती म्हणून काय झाले, हे मला कोणी विचारत नाही. हाड उशिरा जुळले तर माणूस जास्त महिने घरी बसला, त्याची मजुरी जास्त बुडाली, म्हणजे नुकसान वाढले; कमी कसे झाले, हेही कोणी विचारत नाही. फेरतपासात अर्जदाराच्या वकिलाने विचारावे, हे बरोबर. पण तालुक्याच्या ठिकाणी एका वकिलाच्या हातात त्या दिवशी किती फायली असतात, हे आपण एकदा येऊन पाहावे.

'राज कुमार विरुद्ध अजय कुमार' या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यासाठीच न्यायाधिकरणांना सांगितले होते की वैद्यकीय पुरावा येत असताना मूक प्रेक्षक राहू नका. तो निकाल माझ्यासारख्या डॉक्टरांनीही वाचण्याजोगा आहे. हातापायाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात उदाहरणाने दाखवले आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा चालकाची जवळजवळ सगळी कमाई जाईल, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. आणि हे ठरवण्यासाठी अपघाताआधी तो माणूस कोणते काम करत होता आणि अपघातानंतर त्यातले काय करू शकतो, हे पाहायला सांगितले आहे. मोजायचे ते काम, फिल्म नव्हे.

काम मोजण्याचा पुरावा आमच्याकडे असतोही. बीड-नगरकडून ऊसतोडीला आलेल्या बाईच्या मणक्याचा एक्सरे चाळिशीत साठीचा दिसतो, कारण ती वर्षानुवर्षे डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढलेली असते. ट्रॉली उलटून तिचा मणका दबला तर फिल्ममध्ये जुनी झीजही दिसणार आणि नवा दबलेला मणकाही. कंपनी जुन्या झिजेवर बोट ठेवते. पण मुकादमाची वही काय सांगते? त्या हंगामात नवरा-बायकोच्या कोयत्याने किती टन ऊस तोडला, किती उचल फेडली. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत पाठ काम करत होती याचा त्याहून मोठा दाखला मी देऊ शकत नाही. तसेच गुडघे झिजलेल्या वारकऱ्याचे. माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद-फलटणमार्गे दरवर्षी पंढरपूर गाठणाऱ्या माणसाला, मोटारसायकलने उडवल्यावर, 'तुमचे गुडघे आधीच गेले होते' हे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे?

आणि जुने व्यंग भरपाई वाढवणारेही असते, हे तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. एका डोळ्याने आधीच आंधळा असलेल्या माणसाचा दुसरा डोळा अपघातात गेला तर नुकसान एका डोळ्याचे धरायचे की दृष्टीचे? लहानपणी पोलिओ होऊन एक पाय लुळा पडलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. टपरी चालवतात, शिवणकाम करतात, तीनचाकी चालवतात. त्यांचा सारा भार चांगल्या पायावर. तोच मोडला तर धडधाकट माणसाच्या पायाइतकीच टक्केवारी लावून चालेल? दाखला देताना आम्ही तेच करतो, कारण आमच्या तक्त्यात तेवढेच बसते.

आता वयाचे पाहू. इथे थोडे गणित मांडतो, कारण या मुद्द्यावर माझा राग भावनेचा नसून हिशेबाचा आहे. 'सरला वर्मा' या 2009 च्या निकालापासून भरपाईचा गुणक वयावर ठरलेला आहे. 31 ते 35 वयाला 16, 51 ते 55 ला 11, 61 ते 65 ला 7. समजा महिना 15,000 रुपये कमावणाऱ्याची कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली. भविष्यातली वाढ बाजूला ठेवू. वर्षाचे नुकसान 54,000 रुपये. तो 35 वर्षांचा असेल तर 8,64,000 आणि 52 वर्षांचा असेल तर 5,94,000. म्हणजे वयापोटी 2,70,000 रुपये आधीच वजा झाले. शरीर थकणार, कामाची वर्षे कमी उरलीत, हे सगळे त्या 11 च्या आकड्यात आले. त्यानंतर कंपनी उभी राहून म्हणते की 30 पैकी 15 टक्के वयोमानाची झीज आहे, तेवढी वगळा. आणि रक्कम 2,97,000 वर येते. एकाच वयाची किंमत दोनदा वसूल झाली. किराणा दुकानदाराने असा हिशेब केला तर गिऱ्हाईक वही हिसकावून घेईल.

आपल्या देखरेखीखालच्या मोटार पॉलिसीत गाडीच्या सुट्या भागांवर घसारा असतो. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के. बंपर जुना होता, नवा बसवला, मालकाने अर्धे द्यावेत, हे ठीक. बंपर बाजारात नवा मिळतो. माणसाला त्याच जुन्या पाठीनिशी उरलेले आयुष्य काढायचे असते, आणि नवा मणका बसवून त्याने कोणताही नफा कमावलेला नसतो.

दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचे मी कबूल केले आहे. लोक खोटे बोलतात. ज्या गुडघ्याच्या सांधेबदलाची तारीख ठरली होती तो गुडघा अपघाताच्या नावावर चढवतात. गाडीने न ठोकलेली माणसे कागदावर ठोकली जातात. उत्तर प्रदेशातल्या बनावट दाव्यांचा तपास करायला 2015 मध्ये उच्च न्यायालयाला विशेष पथक नेमायला लावावे लागले. आणि आमच्या व्यवसायातले काही लोक पेशंटवर उपचार न करता, नीट तपासणीही न करता सढळ हाताने दाखले देतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 'राज कुमार'मध्येच सुनावले आहे. अशा दाव्यांशी कंपन्यांनी हिरिरीने लढावे. ज्या सांध्याचे ऑपरेशन ठरलेले होते, ज्याच्यासाठी माणूस काठी घेऊन चालत होता, त्याचा तेवढा भाग वजा व्हायलाच हवा. माझी हरकत वजाबाकीला नाही. पुराव्याशिवाय केलेल्या वजाबाकीला आहे. जुना आजार होता असे ज्याला म्हणायचे आहे त्याने आजाराचे नाव सांगावे, जुना केसपेपर आणावा, आणि त्या आजाराने अपघाताविनाही आज ही अवस्था आली असती, हे सांगणारा तज्ज्ञ पिंजऱ्यात उभा करावा.

पॉलिसीधारकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे प्रकरण निराळे आहे, तेही इथे नोंदवतो, कारण लोक दोन्ही एकत्र करतात. तिथे करार आहे आणि मृत्यू अपघातानेच झाला पाहिजे अशी अट आहे. मोटारसायकल चालवताना हृदयविकाराचा झटका आला आणि माणूस खाली पडला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अपघात लाभ नाकारला. मला तो निकाल कठोर वाटतो, पण चुकीचा म्हणता येत नाही. तिथे आजाराने अपघात घडवला होता. मी बोलतो आहे ते दुसऱ्याच्या गाडीने आजारी माणसाला जे केले त्याबद्दल.

या सगळ्याचा एक परिणाम असा आहे की त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. रात्री अपघाताचा पेशंट येतो. मांडीचे हाड मोडलेले, भूल द्यायची आहे. मी विचारतो, शुगर आहे? बीपीची गोळी चालू आहे? छातीत कधी दुखले होते? नातेवाईक एकमेकांकडे बघतात. मग एखादा शहाणा मला बाजूला घेऊन म्हणतो, "डॉक्टर, आहे थोडी शुगर, पण पेपरवर लिहू नका. क्लेमला अडचण येते." काही जण तेवढेही सांगत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे लपवून माणूस ऑपरेशन टेबलवर गेला तर काय होऊ शकते, हे मी आपल्याला सांगायला हवे असे नाही. केसपेपरवरची 'के/सी/ओ डीएम, एचटीएन' ही ओळ, म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब असलेला रुग्ण, पेशंटचा जीव वाचावा म्हणून लिहिली जाते. पुढे साक्षीत तीच ओळ त्याच्याविरुद्ध वाचली जाते, आणि ही बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के आणि उच्च रक्तदाबाचे 35.5 टक्के आढळले. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 4,43,366 माणसे जखमी झाली. या आकड्यांचा मेळ घाला. आधीचा एखादा आजार असलेला अर्जदार हा काही अपवाद नाही. आजार नसलेल्याच्याच मापाने सगळ्यांची भरपाई ठरवायची असेल तर बाकीच्यांनी आजार लपवायचा, हे ओघाने आले.

मृत्यूच्या दाव्यांत तर हे फारच टोकाला जाते. सत्तरीतली बाई, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, घरी गेली, अंथरुणाला खिळली, छातीत कफ भरला आणि महिन्या-दीड महिन्याने गेली. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वृद्धांच्या बाबतीत हा क्रम इतका नेहमीचा आहे की वैद्यकीय विद्यार्थ्यालाही तो पाठ असतो. पण मृत्यू घरी झालेला, शवविच्छेदन केलेले नाही, दाखल्यावर लिहिलेले 'हृदयक्रिया बंद पडून'. कंपनी म्हणते, अपघाताचा आणि मृत्यूचा संबंध नाही, बाईंना दमा होता. दमा होताच. दम्यासकट ती रोज सकाळी गोठ्यात जात होती.

महोदय, तृतीय पक्षाचा जखमी माणूस आपल्या कोणत्याच कंपनीचा ग्राहक नाही. हितरक्षणाचे आपले नियम पॉलिसीधारकाभोवती आखलेले आहेत. त्या आखणीत हा माणूस रेषेबाहेर राहतो. म्हणूनच त्याच्या वतीने आपल्याकडे मागावे लागते. सर्व साधारण विमा कंपन्यांना आपण एक परिपत्रक काढावे: तृतीय पक्ष दाव्याच्या कैफियतीत पूर्वीच्या आजाराचा मुद्दा घ्यायचा असेल तर आजार, काळ आणि पुरावा नमूद केल्याखेरीज तो घेऊ नये. गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कंपन्यांना दाव्यांसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमायला सांगितले आहे. त्या अधिकाऱ्याची सही या मुद्द्याखाली वेगळी घ्यावी, म्हणजे छापील परिच्छेद चिकटवण्याआधी कोणीतरी तो वाचेल. हा मुद्दा किती दाव्यांत घेतला आणि किती दाव्यांत टिकला, याची माहिती कंपन्यांकडून दरवर्षी मागवून प्रसिद्ध करावी. वयाचा घसारा गुणकाखेरीज दुसऱ्यांदा लावू नये, हे तडजोडीच्या प्रस्तावांपुरते तरी स्पष्ट करावे. आणि अपंगत्वाच्या दाखल्यात अपघातापूर्वी अवयवाची व कामाची स्थिती काय होती, ती कशावरून कळली, आणि त्यात अपघाताने काय भर पडली, असे स्वतंत्र रकाने असावेत म्हणून राज्यांच्या आरोग्य खात्यांशी बोलावे. हे रकाने आले तर खोटे दाखले देणारे डॉक्टरही अडचणीत येतील; ते कंपन्यांच्याच फायद्याचे आहे.

परिपत्रकाची प्रत मराठीसह सर्व भारतीय भाषांत काढावी आणि जिल्हा न्यायालयांना पाठवावी, ही विनंती. उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
एक अस्थिरोगतज्ज्ञ
सातारा जिल्हा

ता.क. हे पत्र खुले असल्याने चार ओळी वाचणाऱ्यांसाठी. अपघातानंतर दवाखान्यात साखर, रक्तदाब, जुनी ऑपरेशने, चालू गोळ्या, सगळे सांगा आणि लिहूनही घ्या. जुने एक्सरे आणि केसपेपर फेकू नका. अपघाताआधी तुम्ही किती बरे होता हे तेच दाखवतात. हजेरीपट, मुकादमाची वही, दूध डेअरीचे पुस्तक, असे कामाचे पुरावे जपा. जखमी माणूस नंतर घरी दगावला तर पोलिसांना कळवा आणि मन घट्ट करून शवविच्छेदन करून घ्या. आणि दावा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. ती मुदत घालणाऱ्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर थांबू नका.